लोह पोटात जातं, मग रक्तात का पोचत नाही? हेप्सिडिन समजून घेताना

नको असलेलं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंडं ते लघवीवाटे काढून टाकतात, पाणी जास्त झालं तर तेही जातं. लोहाला अशी सोय नाही. कातडीच्या आणि आतड्याच्या झडत्या पेशींबरोबर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम निघून जातं, बायकांचं पाळीच्या रक्तातून आणखी थोडं जातं, बस. ब्रिटनमधल्या मॅककान्स आणि विडोसन या संशोधकांनी १९३७ सालीच मांडलं होतं की शरीर लोहाचा तोल बाहेर टाकून सांभाळत नाही, आत किती घ्यायचं ते ठरवून सांभाळतं. पण हे ठरवतं कोण? याचं उत्तर मिळायला पुढे साठेक वर्षं गेली.

ते उत्तर म्हणजे हेप्सिडिन. यकृतात तयार होणारं, फक्त २५ अमिनो आम्लांचं एक संप्रेरक. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले टोमास गांझ आणि एलिझाबेटा नेमेथ यांचं नाव या शोधाशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्यांच्या कामामुळे रक्तक्षयाकडे बघण्याची पद्धतच बदलली. ही माहिती डॉक्टरांपुरती राहावी असं मला वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक घरात लोहाच्या गोळीचं पाकीट कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. आणि 'एवढ्या गोळ्या खाल्ल्या, तरी हिमोग्लोबिन हलत नाही' हे वाक्यही.

आधी हिशेब

मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम असतं. एवढंच, एखाद्या मोठ्या खिळ्याइतकं. त्यातलं निम्म्याहून जास्त रक्तातल्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. उरलेलं यकृतात, प्लीहेत आणि थोडं स्नायूंत. साठवणीचं लोह फेरिटिन नावाच्या पोकळ प्रथिनात भरून ठेवलेलं असतं, आणि रक्तातून त्याची ने-आण ट्रान्सफेरिन करतं.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. हाडांतली मज्जा दर सेकंदाला वीसेक लाख नव्या लाल पेशी तयार करते, त्यासाठी तिला दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून येतं मात्र एक-दोन मिलिग्रॅम. मग बाकीचं? ते जुन्यातून येतं. प्लीहेत आणि यकृतात मॅक्रोफेज नावाच्या पेशी म्हाताऱ्या लाल पेशी गिळतात, त्यातलं लोह मोकळं करतात आणि परत रक्तात सोडतात. रोजच्या गरजेतलं नव्वद टक्क्यांहून जास्त लोह असं मोडीतून येतं. रक्तक्षयाचा विचार करताना आपण ताटाकडे बघतो, पण खरी उलाढाल प्लीहेत चालते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका वेळी रक्तद्रवात ट्रान्सफेरिनला चिकटलेलं लोह असतं जेमतेम तीन मिलिग्रॅम. मज्जा दिवसाला २०-२५ खेचते, म्हणजे हा साठा दर तीन-चार तासांनी रिकामा होऊन पुन्हा भरतो. मॅक्रोफेजनी लोह सोडणं थांबवलं तर काही तासांतच रक्तातलं लोह कोसळतं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

जंतुनाशक म्हणून सापडलं, लोहाचं निघालं

गांझ हे मुळात लोहाचे संशोधक नव्हते. शरीर स्वतःच तयार करतं त्या जंतुनाशक प्रथिनांवर ते काम करत. १९८० च्या दशकात डिफेन्सिन नावाची अशी प्रथिनं ओळखणाऱ्या गटात ते होते. २००१ साली त्यांच्या प्रयोगशाळेने मानवी लघवीत एक नवं छोटं प्रथिन सापडल्याचं जाहीर केलं. ते यकृतात बनत होतं आणि जंतू मारत होतं, म्हणून यकृताचं 'हेप' आणि मारण्याचं 'सिडिन' जोडून हेप्सिडिन असं नाव पडलं. एक जर्मन गट त्याच सुमारास रक्तातून त्याच रेणूपर्यंत वेगळ्या नावाने पोचला होता. नाव टिकलं ते हेप्सिडिन, पण जंतुनाशक म्हणून ते तसं बेताचंच. त्याचं खरं काम काय, हे उंदरांनी सांगितलं.

पॅरिसमध्ये सोफी व्होलों यांचा गट साखरेच्या चयापचयाशी संबंधित एक जनुक उंदरांत बंद करून बघत होता. त्या उंदरांच्या यकृतात आणि स्वादुपिंडात लोह साचत गेलं. बंद केलेल्या जनुकाचा लोहाशी संबंध लागेना. शोध घेतल्यावर कळलं की शेजारचं हेप्सिडिनचं जनुकही त्या उंदरांत गप्प झालं होतं. पुढच्या वर्षी त्याच गटाने उलटा प्रयोग केला आणि हेप्सिडिन जास्त बनवणारे उंदीर तयार केले. ती पिल्लं जन्मतःच पांढरीफटक होती, बहुतेक थोड्याच वेळात दगावली. हेप्सिडिन नाही तर लोहाचा पूर, हेप्सिडिन जास्त तर लोहाचा दुष्काळ. २००३ साली इटलीतल्या संशोधकांना तरुण वयातच लोह साचणाऱ्या रुग्णांमध्ये हेप्सिडिनच्या जनुकातलाच बिघाड सापडला. माणसातही तोच नियम होता.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो बोस्टनमधला पुरावा. यकृतात ग्लायकोजेन साठत राहण्याच्या एका आनुवंशिक आजारात काही रुग्णांच्या यकृतात साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी होतात. अशा रुग्णांना लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय होई. २००२ साली डेव्हिड वाइनस्टाइन, नॅन्सी अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या गाठीच हेप्सिडिन ओतत होत्या. गाठ काढली की रक्तक्षय आपोआप बरा होत होता, वेगळं लोह न देता. शरीरात लोह होतंच, कुलूपबंद होतं.

कुलूप नक्की कुठे आहे, ते २००४ साली नेमेथ, गांझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पेशीतून लोह बाहेर सोडणारं एकच दार माणसाच्या शरीरात माहीत आहे: फेरोपोर्टिन. आतड्याच्या पेशी जेवणातलं लोह रक्तात सोडतात ते याच दारातून, मॅक्रोफेज मोडीतलं लोह सोडतात ते यातूनच, आणि यकृतही. हेप्सिडिन जाऊन या फेरोपोर्टिनला चिकटतं. मग पेशी ते दार आत ओढून घेते आणि मोडून टाकते.

कालव्यावरचा पाटकरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. धरणात पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि दार उघडं आहे का हा दुसरा. धरण भरलेलं असूनही दार बंद असेल तर शेताला पाणी मिळत नाही. हेप्सिडिन हा तो पाटकरी, आणि रक्तात लोह सोडणारी सगळी दारं एकट्या त्याच्या हातात.

आतड्यात दार बंद झाल्यावर काय होतं ते नीट बघायला हवं, कारण गोळ्यांचं सगळं गणित तिथेच आहे. जेवणातलं किंवा गोळीतलं लोह लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या पेशींत शिरतं. फेरोपोर्टिन नसेल तर ते पेशीतच फेरिटिनमध्ये अडकून बसतं. ती पेशी तीन ते पाच दिवसांत झडते आणि लोह तिच्याबरोबर शौचातून जातं. गोळी गिळली, पेशीत शिरली, पण शरीराला मिळाली नाही.

पाटकऱ्याला हुकूम तिघांचे

पहिला हुकूम साठ्याचा. यकृतात लोह भरलं, ट्रान्सफेरिन लोहाने लदलं की हेप्सिडिन वाढतं आणि दारं मिटतात. साठा घटला की हेप्सिडिन घटतं, आतडं जास्त लोह ओढतं. लोह कमी असलेल्या बाईच्या आतड्यात गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं ते यामुळे. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातही हेप्सिडिन खाली जातं, आणि शोषण वाढतं.

दुसरा हुकूम संसर्गाचा आणि दाहाचा. अंगात जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश सोडतात आणि यकृत तातडीने हेप्सिडिन बनवू लागतं. गांझ-नेमेथ गटाच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्यूकिन-६ शिरेतून दिलं तेव्हा दोन तासांत लघवीतलं हेप्सिडिन सरासरी साडेसात पट झालं आणि रक्तातलं लोह सुमारे एक तृतीयांशाने पडलं. वर सांगितलेला तीन मिलिग्रॅमचा साठा आठवा, इतक्या लवकर घसरण का होते ते समजेल. यात शरीराचा शहाणपणा आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून ते त्यांच्या हाती लागू द्यायचं नाही. ताप चार दिवसांचा असेल तर काही बिघडत नाही. पण क्षय, संधिवात, मूत्रपिंडाचा जुना आजार, कर्करोग, आतड्याचा दाह महिनोन्‌महिने चालतात. दारं तितका काळ मिटलेली राहतात, मज्जा उपाशी राहते आणि हिमोग्लोबिन उतरतं. याला दाहजन्य रक्तक्षय म्हणतात. मूत्रपिंडाच्या आजारात भर म्हणजे हेप्सिडिन लघवीवाटे नीट बाहेरही जात नाही.

तिसरा हुकूम मज्जेचा. रक्तस्राव झाला की मज्जेला घाईने लोह हवं असतं. तिथल्या कोवळ्या लाल पेशी एरिथ्रोफेरोन नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते यकृताला हेप्सिडिन कमी करायला लावतं. हेही गांझ यांच्याच प्रयोगशाळेत, लिओन कौत्झ यांनी शोधलं आणि २०१४ साली प्रसिद्ध केलं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात हाच हुकूम घात करतो, त्याकडे पुढे येऊ.

पाटकरीच बिघडला तर? युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये साठा भरल्याची खबर यकृताला लागत नाही, हेप्सिडिन कमी राहतं आणि वर्षानुवर्षं लोह साचत जातं. उपचार आजही जुनाच: रक्त काढणं. ४५०-५०० मिलिलिटर काढलं की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. याच्या उलट एक दुर्मीळ आजार आहे, ज्यात हेप्सिडिनला लगाम घालणाऱ्या टीएमपीआरएसएस-६ या जनुकात दोष असतो. त्या मुलांना जन्मापासून लोहाची कमतरता असते, गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि शिरेतून दिलेल्या लोहाचाही अर्धवटच होतो.

रिपोर्ट वाचताना

हेप्सिडिनची तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. ते सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असतं, पद्धतीपद्धतीत आकडे वेगळे येतात. पण पाटकरी काय करतोय ते इतर आकड्यांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

नुसतं 'सीरम आयर्न' करून निष्कर्ष काढणं ही सर्वांत मोठी चूक. दोन दिवसांच्या तापातही ते पडतं, सकाळ-संध्याकाळ बदलतं, आदल्या रात्री गोळी घेतली असेल तर वर दिसतं. त्यावरून कुणाला लोहाची कमतरता आहे असं ठरवू नये. फेरिटिन बघावं, आणि त्याच्याबरोबर सीआरपी, म्हणजे अंगात दाह आहे का ते सांगणारी रक्ततपासणी.

साध्या लोहाच्या कमतरतेत फेरिटिन कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी प्रौढांसाठीची सीमा आहे १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. प्रत्यक्षात पुष्कळ डॉक्टर ३० च्या खाली गेलं की कमतरता धरतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. ट्रान्सफेरिनची लोह धरण्याची एकूण क्षमता, म्हणजे रिपोर्टमधली टीआयबीसी, वाढलेली असते. ट्रान्सफेरिन किती टक्के भरलं आहे तो आकडा १६ ते २० च्या खाली असतो.

दाहजन्य रक्तक्षयातही ट्रान्सफेरिन रिकामंच दिसतं, पण फेरिटिन नेहमीइतकं किंवा वाढलेलं असतं, टीआयबीसी वाढलेली नसते, सीआरपी वर असतं. गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र असतात तेव्हा. दाहामुळे फेरिटिन फुगतं आणि खरी कमतरता झाकली जाते. क्षयाचा रुग्ण, फेरिटिन ५५, रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं, आणि आत साठा रिकामा असं होऊ शकतं. म्हणून दाह असताना प्रौढांसाठी कमतरतेची सीमा ७० धरावी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी १२ ऐवजी ३०, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे. लॅबच्या छापील मर्यादेवर विसंबून चालत नाही.

तिसरी शक्यता आपल्याकडे वारंवार निसटते: थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेला माणूस. यात हिमोग्लोबिन जरा कमी, लाल पेशी खूप लहान, पण संख्येने भरपूर. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, त्याला रिपोर्टमधल्या लाल पेशींच्या संख्येने (दशलक्ष प्रति मायक्रोलिटर) भागून बघावं. एमसीव्ही ६२ आणि लाल पेशी ५.८ असतील तर भागाकार येतो १०.७, एमसीव्ही ७२ आणि पेशी ३.९ असतील तर १८.५. भागाकार १३ च्या खाली आला तर वाहक असण्याचा संशय घ्यायचा, वर आला तर लोहाच्या कमतरतेचा. हा फक्त इशारा आहे. खरं निदान हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीने होतं, त्यात ए-टू हा घटक साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त निघतो. लोहाची कमतरताही असेल तर हा आकडा थोडा खाली येऊ शकतो, म्हणून सीमेवरचा रिपोर्ट लोह भरून काढल्यावर पुन्हा करावा. अशा वाहकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. फेरिटिन कमी असेल तर त्यांनाही लोह द्यायला हवं, पण फेरिटिन चांगलं असताना देण्यात काही अर्थ नाही.

गोळी कशी घ्यावी

आधी पाकिटावरचा आकडा. शरीराला किती लोह मिळतं ते 'एलिमेंटल आयर्न' या आकड्यावरून कळतं, क्षाराच्या वजनावरून नाही. कोरड्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत लोह असतं ६० ते ६५ मिलिग्रॅम.

झुरिकच्या ईटीएच संस्थेत मायकल झिमरमान यांच्या गटाने हेप्सिडिन मोजत मोजत गोळ्यांचं वेळापत्रक तपासलं. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह घेतलं की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास वाढलेलंच राहतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी अर्धवट मिटलेल्या दारावर जाऊन आदळते. त्याच दिवशी संध्याकाळी घेतलेली दुसरी गोळी तर आणखीच. २०१७ साली त्यांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना तितक्याच गोळ्या काहींना रोज आणि काहींना एक दिवसाआड दिल्या. रोज घेणाऱ्यांत १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के. एकूण मिळालेलं लोह १३१ मिलिग्रॅम विरुद्ध १७५.

पण यावरून सगळ्यांनीच एक दिवसाआड घ्यावं असं होत नाही. त्या अभ्यासातल्या गोळ्या सारख्या होत्या, दिवस दुप्पट लागले. चंडीगडच्या पीजीआयमधल्या एका चाचणीत ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि १२० मिलिग्रॅम एक दिवसाआड अशी तुलना झाली. दोनदा घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन आधी चढलं, मळमळ मात्र त्यांनाच जास्त झाली. म्हणून हिमोग्लोबिन फार खाली असेल, शस्त्रक्रिया तोंडावर असेल, तर वेग महत्त्वाचा. कमतरता सौम्य असेल, पोट बिघडत असेल, तर एक दिवसाआड एकच गोळी हा चांगला मार्ग. गरोदर बाईने मात्र स्वतःच्या मनाने वेळापत्रक बदलू नये. सरकारी कार्यक्रमात तिला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दिलं जातं, आणि तिची गरज मोठी असते.

किती दिवस घ्यायची? हिशेब करून बघू. ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात सुमारे ३.३ लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन ९ वरून १२ ला न्यायचं म्हणजे प्रत्येक डेसिलिटरमागे ३ ग्रॅम, एकूण ९९ ग्रॅम नवं हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे लागणार ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. ६० च्या गोळीतून २० टक्के शोषलं तर १२ मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे २८ गोळ्या, एक दिवसाआड घेतल्या तर दोन महिने. आणि हे फक्त रक्तापुरतं. साठा भरायला आणखी काहीशे मिलिग्रॅम हवेत. म्हणूनच हिमोग्लोबिन जागेवर आल्यावर आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. बहुतेक जणी बरं वाटलं की थांबतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात. रोज गोळी घेणाऱ्यात तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅम वाढ दिसायला हवी.

सकाळी, उपाशीपोटी किंवा जेवणाआधी तासभर घ्यावी. सोबत लिंबूपाणी चालतं. चहा-कॉफी आधी आणि नंतर किमान तासभर नको, त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात. कॅल्शियमची गोळी दोन तास दूर. थायरॉईडची गोळी घेत असाल तर चार तासांचं अंतर, नाहीतर लोह त्या गोळीलाही शोषू देत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं, पोटातल्या आम्लाशिवाय लोह नीट विरघळत नाही. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. डांबरासारखं चिकट, दुर्गंधी काळं असेल तर तो रक्तस्राव असू शकतो. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं तर मुलाच्या जिवाला धोका होतो. दहा किलोच्या बाळाच्या जिवावर बेतायला अशा दहाच गोळ्या पुरतात.

नीट घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही तर डोस वाढवण्याआधी थांबावं. पाळीचा अतिस्राव, मूळव्याध, जंत यांतून रक्त जातंय का? जठरात हेलिकोबॅक्टर हा जंतू, आतड्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार आहे का? वाहक आहे का? कुठे दाह आहे का? पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोहाची कमतरता सापडली तर पोटातून कुठून रक्त जातंय ते शोधलंच पाहिजे. मोठ्या आतड्याचा कर्करोग कधी कधी एवढ्या एकाच खुणेने समोर येतो. दारं दाहाने मिटली असतील तर शिरेतून लोह देता येतं, त्यात आतड्याचा अडथळा टळतो. संसर्ग जोरात असताना मात्र देत नाहीत.

बीट-पालकाबद्दल थोडक्यात: बिटाचा रंग लाल आहे, लोह मात्र फारसं नाही. पालकात लोह आहे, पण त्यातलं शोषलं जातं कमी. कडधान्यं, हिरव्या भाज्या लिंबू पिळून, शक्य असेल तर मासे-मटण, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, एवढं केलं तरी फरक पडतो. पण कमतरता झाल्यावर ती निव्वळ जेवणाने भरून येत नाही. वरचा ३४० चा आकडा बघा.

थॅलेसेमिया: मज्जेची चुकीची हाक

बीटा थॅलेसेमिया मेजर या तीव्र प्रकारात मज्जा जिवाच्या आकांताने लाल पेशी बनवते आणि त्यातल्या बहुतेक मज्जेतच मरतात. कोवळ्या पेशींची गर्दी प्रचंड, म्हणून एरिथ्रोफेरोन प्रचंड, म्हणून हेप्सिडिन खाली. शरीरात लोह तुडुंब असतानाही आतडं आणखी ओढत राहतं. रक्त कधीच न चढवलेल्या मध्यम तीव्रतेच्या थॅलेसेमियातही लोह साचतं, याचं कारण हे.

रक्त चढवावं लागतं त्यांचं गणित आणखी कठीण आहे. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह. वर्षाला ३० पिशव्या म्हणजे सहा-सात ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं त्याच्या जवळपास दुप्पट. आणि बाहेर जायला वाट दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमची. ते लोह हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत जाऊन बसतं. म्हणून डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन किंवा डेफेरॉक्सामिन यांपैकी लोह बांधून काढणारं औषध रोजचं असतं, आणि फेरिटिन १००० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. आठवडाभर औषध चुकलं तर त्रास काहीच जाणवत नाही, धोका तिथेच आहे. लोह साचलेल्या माणसाने कच्ची कालवं खाऊ नयेत, हेही कोकणात सांगून ठेवावं. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू लोहाने भरलेल्या रक्तात झपाट्याने वाढतो.

सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, उल्हासनगर-मुंबईकडच्या घरांना हे ठाऊक असतं. पण वाहक सगळ्याच समाजांत आहेत. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत एक एचपीएलसी तपासणी पुरते.

बाहेरून दिलेलं हेप्सिडिन

दार बंद करणारा रेणू कळला, मग तो औषध म्हणून वापरता येईल का? गांझ आणि नेमेथ यांनी हेप्सिडिनचे छोटे, टिकाऊ नमुने तयार करून हे होऊ शकतं ते प्राण्यांत दाखवलं. त्याच विचारातून आलेलं रुस्फर्टाइड हे आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायचं औषध पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तपासलं गेलं. यात रक्तक्षयाच्या बरोबर उलट होतं: मज्जा लाल पेशी बेसुमार बनवते, रक्त दाटतं, गुठळ्या होतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांखाली ठेवायला पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागतं, आणि प्रत्येक वेळी लोह गेल्याने रुग्ण लोहाच्या कमतरतेने थकून जातो.

रुस्फर्टाइड दारं मिटवतं. लोह मॅक्रोफेजमध्येच राहतं, मज्जेला कमी मिळतं, पेशी कमी बनतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध चालू ठेवलेल्यांपैकी ६० टक्के रुग्णांचा आजार रक्त न काढता आटोक्यात राहिला. नकली औषधावर वळवलेल्यांत १७ टक्के. आणि रक्त काढून काढून तळाला गेलेलं या रुग्णांचं फेरिटिन औषधावर असताना वर येऊ लागलं.